ओझोनच्या भोकाचं गाऱ्हाणं

जिथे आपण कधी जाणार नाही आणि जे आपल्याला कधी दिसणार नाही, त्याच्यावर देखरेख ठेवण्याइतकं निर्वेध काम जगात दुसरं नाही. आमच्या वाडीच्या 'दक्षिण ध्रुव ओझोन देखरेख उपसमिती'चा सचिव या नात्याने मी हे अनुभवाने सांगतो. (मूळ समिती कोणती, हे अद्याप ठरायचं आहे.)

धामापूरच्या तळ्यापासून अर्ध्या तासावर आमची वाडी. तिथल्या हौसाबाईचा मुलगा सत्यवान हवामान खात्यात आहे. खात्याने त्याला वर्षभरासाठी दक्षिण ध्रुवाकडच्या तळावर पाठवलं. तिथे फुग्याला यंत्राचा डबा बांधून आभाळात सोडायचा आणि वर ओझोन किती उरलाय ते मोजायचं, हे त्याचं काम. आईला त्याने फोनवर समजावलं, "आये, ओझोन म्हणजे आभाळातली चादर. उन्हाचो दाह अडवता. तेका हयसर दरवर्षी भोक पडता, ता मोजूक माका ठेवल्यानी."

"मगे भोक बुजला काय घराक येतलस?"

सत्यवान हसून "व्हय" म्हणाला. शास्त्रज्ञांनी आईशी फोनवर थट्टा करू नये, असा ठराव उपसमितीने पुढे केला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. हौसाबाई तडक देवळाचा मानकरी असलेल्या गावकार परशुरामाकडे गेली आणि देवापुढे गाऱ्हाणं घालायला लावलं.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी सगळी वाडी देवळात जमली. परशुरामाने नारळ ठेवला आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, हौसाबायचो झील जंय ऱ्हवता, थंय आभाळाक जा काय भोक पडला हा, ता बुजव आणि तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." कौल लावला, उजवं फूल पडलं, म्हणजे देवाचा होकार.

डिसेंबरात भोक बुजलं. पुढे दोनेक महिन्यांत सत्यवान घरी आला. हे यश पाहून उपसमितीची रीतसर स्थापना झाली. अध्यक्ष परशुराम, तांत्रिक सदस्य सुदेश (मालवणात फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान, वाडीत गॅसमधलं कळणारा एकटाच), सन्माननीय सदस्य हौसाबाई. तीन वर्षांची आकडेवारी अशी: गाऱ्हाणी तीन, भोक बुजलं तीनदा, यश शंभर टक्के. एका वर्षी बुजायला उशीर झाला, कारण नारळ नासका निघाला. (तो परशुरामाच्या बागेतला होता, हे इतिवृत्तात घेतलेलं नाही.)

पण ऑगस्ट आला की भोक पुन्हा उघडायचं. यंदा सत्यवानाचं नाव पुन्हा ध्रुवावर जायच्या यादीत लागलं. हौसाबाई सभेत येऊन म्हणाली, "दर वर्षाचा नाटक नको. औंदा कायमचा बुजवा. माझा वय झाला. पोराक घराकडे बघूचा आसा."

सभेपुढे गंभीर प्रश्न उभा राहिला. कायमचं बुजलं तर उपसमितीचं काय?

सत्यवान रजेवर होता, तो सभेला आला आणि सरळ बोलला. हे भोक ऋतूप्रमाणे उघडतं आणि ऋतूप्रमाणेच मिटतं, नारळ असो वा नसो. कायमचं भरायला अजून कित्येक वर्षं लागतील. जुन्या फ्रीज-एसीतल्या गॅसनी ते पाडलं. जगाने तसले गॅस बनवणं बरंचसं थांबवलं, म्हणून हळूहळू भरतंय. "आता जुन्या मशिनीतलो गॅस हवेत सोडू नका. बाटल्यात भरून घेवा. इतक्याच."

एवढ्यात खिडकीबाहेर फुस्स असा लांब आवाज सुरू झाला. वाडीच्या मुंबईकर मंडळाने आमच्या सभेच्या हॉलला दिलेला जुना एसी आमचे तांत्रिक सदस्य दुरुस्त करत होते. हौसाबाई उठून बाहेर गेली.

"कसलो आवाज रे सुदेश?"

"जुनो गॅस काडतंय, काकी."

"खंय जाता तो?"

सुदेशने बोट वर केलं.

म्हातारीने पुढे होऊन त्या नळीच्या तोंडावर तळहात दाबला. सत्यवान धावला, हात ओढून घेतला, पण तेवढ्यात सुटत्या गॅसच्या थंडीने तळव्याला फोड आला होता. "हय तू सोडतलंस," ती सुदेशला म्हणाली, "आणि थंय माझो झील मोजतलो?"

मला माझीच लाज वाटली. परंतु इतिवृत्तात लाजेला रकाना नाही. एसी सुरू झाल्यावर, थंडगार हॉलमध्ये, उपसमितीने एकमताने ठराव केला की यंदा दोन नारळ ठेवावेत.

नोव्हेंबरात सत्यवान गेला. हौसाबाईने राजीनामा दिला. आता ती रोज सकाळच्या एसटीने मालवणला जाते आणि सुदेशच्या दुकानात स्टुलावर बसून राहते. तिच्या धाकाने तो जुना गॅस बाटलीत भरून घेतो. त्याला एका मशिनीमागे तासभर जास्त लागतो आणि गिऱ्हाइकं करवादतात. उपसमितीने याची 'कामात अडथळा' अशी नोंद घेतली आहे.

गाऱ्हाणं वेळेवर झालं. भोकही बुजलं. यश शंभर टक्के.

आता केवळ नोंदीसाठी विचारतो. मागच्या उन्हाळ्यात तुमच्या गॅलरीत एसीवाल्याने नळी सोडली आणि तो फुस्स आवाज झाला, तेव्हा तुम्ही त्याला काय विचारलंत? "आज थंड होईल ना?" एवढंच ना? मग तुम्ही आमच्यातलेच. हौसाबाईची जागा रिकामी आहे, येताना एक नारळ घेऊन या.