रिसालदारसाहेब मोटार बघतात

भाऊसाहेब निगुडकर मोटारीच्या मागून कधी जात नसत. उभ्या मोटारीच्या या बाजूकडून त्या बाजूला जायचं तर पुढून जायचे, आणि पुढे भिंत असली तर मागून चांगला लांबचा वळसा घालायचे. "अहो, ती लाथ मारत नाही," असं मी एकदा म्हणालो. "अजून मारली नाही," भाऊसाहेब म्हणाले.

शिंदे की छावनीत त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत. संस्थान होतं तेव्हा ते रिसाल्यात रिसालदार होते आणि घोडी घ्यायची असली की पारख करायला त्यांनाच पाठवत. मग संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, आणि भाऊसाहेबांकडे पेन्शन, पांढऱ्या मिशा आणि जगातल्या तमाम विकणाऱ्यांबद्दलचा संशय एवढंच उरलं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. दारावर भाजीवाली आली तर भोपळा हातात घेऊन ते तिलाही विचारायचे, "अच्छा है, तो बेच क्यों रही है?"

माझी डॉक्टरकी तेव्हा नवीन होती आणि पेशंट मुरारपासून हजीऱ्यापर्यंत पसरलेले. वाहन म्हणजे सायकल. एकदा मुरारला दम्याच्या पेशंटकडे पोचलो, तर माझी अवस्था बघून तोच उठला आणि त्यानं मला खुर्ची दिली. त्या दिवशी ठरवलं, जुनी का होईना, छोटी मोटार घ्यायची. वेळही बरी होती. मध्यभारत मोडून नवं राज्य झालं होतं, राजधानी भोपाळला गेली होती आणि तिच्यामागोमाग कचेऱ्याही निघाल्या होत्या. बदली झालेली मंडळी पलंग, कपाटं आणि मोटारी विकत होती. ही गर्दी ओसरली की माझ्या ऐपतीतली गाडी पुन्हा मिळणं कठीण होतं. म्हणून मी भाऊसाहेबांना बरोबर घेतलं. मोटार त्यांना चालवता येत नसे, पण फसवणूक ओळखता येते असा त्यांचा लौकिक होता.

पहिली गाडी फूलबागेजवळ. मालक धुऊनपुसून लख्ख केलेल्या गाडीशेजारी तसेच लख्ख होऊन उभे होते. भाऊसाहेबांनी नमस्कार करायच्या आधी बॉनेटवर पंजा ठेवला.

"गरम आहे," ते म्हणाले.

"हो, आत्ताच जरा बाजारात जाऊन आलो."

भाऊसाहेबांनी मला बाजूला ओढलं. "कुछ गडबड आहे, डॉक्टर. लंगडं घोडं विकणारा पण सकाळी त्याला फिरवूनच आणतो. अंग गरम झालं की लंगडणं लपतं. उद्या येऊ. न सांगता."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेलो, तर मालक, त्यांची दोन मुलं आणि सोवळ्यातल्या आजी असे सगळे मिळून गाडी ढकलत होते. भाऊसाहेब माझ्याकडे बघून नुसते मिशीत हसले. इथेच माझं वाटोळं झालं, कारण त्या दिवसापासून मी त्यांच्यावर पूर्ण विश्वास टाकला.

पुढची गाडी कंपू मोहल्ल्यातली. एका झटक्यात सुरू झाली, धूर नाही, खडखड नाही. मी मनातल्या मनात तिच्यात बसून मुरारला पोचलोसुद्धा. तेवढ्यात भाऊसाहेब पुढच्या दोन दिव्यांच्या मध्ये वाकले आणि सावकाश सरळ झाले.

"भोवरा आहे. कपाळावर."

"भाऊसाहेब, तो रंगाऱ्याच्या ब्रशचा फराटा आहे!"

"असेल. पण गोल आहे. असं जनावर धन्याला खातं. मी स्वतः पाहून राहिलो आहे इतकी वर्षं."

गाडी सोडली. ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांनी घेतली. धन्याला खाणं राहिलं बाजूला, ते बाळसं धरू लागले, आणि माझ्या दवाखान्यासमोरून जाताना मुद्दाम हॉर्न वाजवू लागले.

त्यानंतर मात्र भाऊसाहेबांचाच मला संशय यायला लागला. एका गाडीचं दार लावताना आवाज 'खोकल्यासारखा' आला. दुसरीचा मालक फार लवकर भाव उतरवायला तयार झाला, तिसरीचा मुळीच होईना, आणि दोन्हीकडे गडबड होती. या माणसाला माझी मोटार होऊच द्यायची नाही की काय, असं मला वाटू लागलं. बायको तर उघड म्हणाली, "त्यांना रोज कुठेतरी जायला मिळतंय ना, मग कशाला पसंत करतील?"

शेवटी वैशंपायनांची गाडी निघाली. वैशंपायन कुठल्याशा कचेरीत दप्तर सांभाळायचे. नोकरीची थोडी वर्षं उरलेली, एकटा जीव, आणि पुढच्या आठवड्यात भोपाळला हजर व्हायचा हुकूम. गाडी काळी, दोन दारांची. "तिथपर्यंत चालवत न्यायची माझी छाती नाही," ते म्हणाले आणि त्यांनी चहा टाकला.

"चहा पाजतोय," भाऊसाहेब माझ्या कानाशी कुजबुजले. "गडबड आहे."

मग त्यांनी गाडीची झडती घेतली. पायाखालची सतरंजी उचलली, ब्रेकच्या पायपट्टीवरचं रबर बोटानं चाचपलं. "गाडी कमी चालली म्हणता. मग हे इतकं झिजलं कसं?"

वैशंपायन ओशाळले. "मी फार दाबतो हो ब्रेक. भीती वाटते."

सायलेन्सरमध्ये त्यांनी बोट घातलं, तेही बाजूला उभं राहून, हात लांब करून. वास घेतला. "पोट साफ आहे." मग गाडी किल्ल्यावर न्यायला लावली. उरवाईची चढण लागली तसे भाऊसाहेब जिभेनं टक् टक् करून तिला हाकू लागले. गाडी कुरकुर न करता वर पोचली. खाली उतरून त्यांनी तिच्या बॉनेटवर हळूच दोनदा थापटलं आणि आम्ही बघितलं की काय म्हणून आमच्याकडे रागानं पाहिलं.

"काय म्हणता?" मी विचारलं.

"काही गडबड दिसत नाही," ते खिन्नपणे म्हणाले. "घ्या."

वैशंपायनांच्या घरी परतल्यावर त्यांनी किल्ली पुढे केली. ती मी घेणार, तेवढ्यात भाऊसाहेबांनी मधेच हात घालून ती आपल्याकडे घेतली.

"ठेवणार कुठे हिला?"

"अंगणात," मी म्हणालो.

"उन्हात? आपल्याकडच्या जेठच्या उन्हात?"

"छप्पर घालीन."

"दुसऱ्या कुणाला चालवायला देणार? आणि म्हातारी झाल्यावर काय करणार?"

आता मात्र मी चिडलो. "भाऊसाहेब, तुम्ही माझ्या बाजूचे की गाडीच्या?"

ते किल्लीकडे बघत म्हणाले, "रिसाला मोडला ना, तेव्हा घोडी लिलावात निघाली. माझी मैना पण. दोरी मीच धरून उभा होतो. घेणाऱ्यानं सगळं विचारलं मला. दात दाखवा, खूर दाखवा, चावते का. मी सगळं खरं सांगितलं. पण मी त्याला काही विचारलं नाही. कुठं नेतो, बांधणार कुठं, पाणी कोण पाजणार. मला वाटलं, आपण विकणाऱ्याकडचे, आपण कसं विचारायचं. तो घेऊन गेला. वळून वळून बघत होती हो."

मला एकदम फार वाईट वाटलं. मी त्यांच्या प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. छप्पर गवताचं घालीन, गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही, म्हातारी झाली तरी दारातच राहील. मग त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

वैशंपायन चष्मा पुसत होते. "आमची बदली केली तेव्हा एवढं कोणी विचारलं नाही," ते हसत म्हणाले, पण ते हसणं काही जमलं नाही.

सकाळपासून ज्या माणसावर संशय धरला होता, त्याच्याकडे भाऊसाहेबांनी पहिल्यांदाच नीट बघितलं. त्यांच्याजवळ जाऊन बसले. "भोपाळला उतरणार कुठे तुम्ही?"

"अजून ठरलं नाही."

"नळ आहे का जवळ? जेवणाचं काय? ओळखीचं कोणी?"

"कोणी नाही."

त्या शनिवारी त्याच गाडीतून आम्ही वैशंपायनांना स्टेशनवर पोचवलं. वळकटी भाऊसाहेबांनी मला उचलू दिली नाही. आगगाडी हलली तशी ते खिडकीचा गज धरून चालू लागले.

"पोचल्याचं पत्र टाका," ते ओरडून म्हणाले. "नाही टाकलंत तर मी इथं एकटा बसून भलभलते संशय धरत राहीन!"