धनेशाची चौकशीची खिडकी

एका जंगलात, बाळांनो, खाऊ साठवायला ढोल्याच ढोल्या होत्या. काही अलीकडे, काही नदीपलीकडच्या टेकडीवर. कोणत्याही ढोलीची चौकशी करायची तर वडाच्या बुंध्यात एक खिडकी होती. खिडकीत धनेश पक्षी बसायचा.

नियम सोपा होता. काहीही विचारा, उत्तरं पाच मिळणार. ढोली कुणाची, ती कुणी उघडायची, माल कधी ठेवला, त्याला शेवटचा हात कधी लागला, आणि वजन किती. पहिली चार धनेशाला तोंडपाठ. वजनासाठी मात्र माकडाला ढोलीपर्यंत जाऊन माल उचलून पाहावा लागे.

एके सकाळी रेवा मुंगशीण खिडकीशी आली. घरी तिची पिल्लं भुकेनं रडत होती.

"धनेशदादा, टेकडीवरच्या ढोलीत आमच्या ह्यांनी अंडी ठेवलीत. कधी ठेवली, एवढंच सांगा. शिळी असतील तर नदी कशाला ओलांडू?"

"सांगतो. वजन येऊ दे."

"वजन नकोय मला!"

"तुम्हाला नको असेल. पण ते उत्तरात आहे."

माकड निघालं. वाटेत जांभळं पिकली होती. ते परतलं तेव्हा उन्हं उतरली होती. धनेशानं पाचही उत्तरं खड्या आवाजात सांगितली. अंडी ताजी होती.

रेवा जिवाच्या आकांतानं पोहत पलीकडे गेली. ढोलीत घोरपड तोंड पुसत बसली होती.

"ताजी होती हो!" घोरपड म्हणाली.

उत्तर चुकलं नव्हतं. माकड ढोलीपासून निघालं तेव्हा अंडी होतीच की!

रेवानं रडून जंगल डोक्यावर घेतलं. सिंहानं साळिंदराला बोलावलं. साळिंदर हुशार होतं. ते म्हणालं, "जेवढं विचारतील तेवढंच सांगायचं. वजन मागितलं तरच माकड धाडायचं."

अस्वल तावातावानं उठलं. "आमच्या घरी पाच उत्तरं पाच बोटांवर मोजत ऐकतात. करंगळीला वजन! आता नुसतं एकच उत्तर आलं, तर ते कुठल्या बोटाचं समजायचं?"

सिंहाला अस्वलाशी भांडण नको होतं. म्हणून जुनी खिडकी तशीच राहिली. शेजारी नवी उघडली. तिच्यात साळिंदर बसलं.

नव्या खिडकीवर पहिली रेवाच आली. यावेळी ढोलीत वाळवलेले बेडूक होते.

"कधी ठेवलेत?"

"परवा."

झालं! माकड फांदीवर जांभया देत होतं. रेवाला अगदी भरून आलं.

"बाकीचं नको?" साळिंदरानं आपलं सहज विचारलं.

"त्याचं वेगळं काही द्यावं लागतं का?"

"छे, छे."

मागे रांग होती. रांगेतली कोल्हीण रेवाच्या कानाशी लागली. "विचारून ठेव गं. उद्या लागलं म्हणजे?"

रेवा घुटमळली. पिल्लं उपाशी होती, हे तिला माहीत होतं. पण आयतं मिळत असलेलं सोडून जाणं तिच्या जिवावर आलं.

"मग सगळंच सांगा," ती म्हणाली.

तिच्यामागून कोल्हीण तेच म्हणाली. कोल्हिणीमागून सशानं तेच म्हटलं. माकड सुस्कारा टाकून उठलं आणि टेकडीकडे चालू लागलं.

तात्पर्य: ज्याला जेवढं हवं तेवढंच विचारायची सोय अवश्य करावी. त्यानं रांग कमी होत नाही, पण लोक तिच्यात खुशीनं उभे राहतात.