बापूकाकांचे पट्टे

बापूकाकांकडे गरम चहा प्यायलेला माणूस आमच्या देवबागात शोधून सापडणार नाही. कप समोर यायचा, आपण हात पुढे करायचो आणि काका ओरडायचे, "वायच थांब!" कप उचलून थेट आतल्या खोलीत. तिथे मोजमाप उरकलं, की मग तो निवलेला चहा आपला.

काका मुंबईच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक इथे होमस्टे काढतात. काकांनी प्रयोगशाळा काढली. हादरे बसू नयेत म्हणून रिक्षाच्या फुगवलेल्या ट्यूबांवर शहाबादी फरशी, फरशीवर आरसे. लेझरच्या एका किरणाचे दोन करायचे, एक गरम कपावरून न्यायचा, दुसरा थंड हवेतून आणि दोघांना परत एकत्र आणायचं. मग भिंतीवर लाल-काळे पट्टे उमटतात. कपावरची गरम हवा वर निघाली, की ते वाकतात. किती वाकले, त्यावरून हवेने किती उष्णता नेली ते कळतं. "ऊब खंय जाता, ता माका दिसता!" काका ऐटीत सांगायचे.

पण पट्टे महानाजूक. खाडीत बोट सुरू झाली, की थरथरलेच. शेजारी माझ्या होमस्टेतले पाहुणे नाचले, की काका भांडायला हजर. इतक्या वर्षांत एक धड फोटो मिळाला नव्हता त्यांना. सगळ्यात जास्त बोलणी मात्र माईकाकींना. त्या स्वयंपाकघरातून उठल्या, की आतून आरोळी, "चलू नको गो! पट्टे हलतत!"

"मगे काय उडान येव?" काकी तिथूनच विचारायच्या. किती हसायचो आम्ही! ते घर तेव्हा भरलेलं वाटायचं.

गेल्या महिन्यात काकी गुडघे बदलायला मुंबईला लेकीकडे गेल्या. काका खूश. "आता फोटो कसो येता, बग!"

काल सहज डोकावलो. भिंतीवर पट्टे कपाजवळ सुरेख वाकलेले आणि जागचे हलत नव्हते.

"काकानू, जमला मां!" मी म्हणालो.

काकांनी कॅमेऱ्याला हातही लावला नव्हता.

"ती चाय घेवन उठली, की पयले हे हलायचे," ते म्हणाले. "मगे बांगड्यो वाजायच्यो. ती येता, ता माका आदीच कळायचा."

मी म्हटलं, "येतली मां काकी. आता चलूक पण लागली असतली."

"येतली रे. पण गुडघे नवे." काका पट्ट्यांकडेच बघत होते. "तिचा पाऊल माका वळखूक येतला मां?"