द्वारकाआक्काच्या मनगटावरची हरकत

हिवरखेडीत गोंदण काढलं की पहिले चौदा दिवस ते कच्चं धरतात, आणि त्या चौदा दिवसांत गावातल्या कुणाही सज्ञान माणसाला त्यावर हरकत घेता येते. हरकत मान्य झाली तर पुढच्या धुण्यात गोंदण बदलतं. चौदा दिवसांनी खपली पडली की ते पक्कं. मग ब्रह्मदेव आला तरी त्याला हात लावता येत नाही. मागच्या साली तालमीतल्या एकानं दंडावर वाघ काढून घेतला होता. शेजारच्या शेळीवाल्यानं हरकत घेतली. आता त्या दंडावर मांजर आहे. चांगलं आहे मांजर.

द्वारकाआक्का भालेकर चोपन्न वर्षांची झाली तरी तिच्या अंगावर गोंदणाचा ठिपका नव्हता. तसंच तिच्या तोंडातून कधी 'नाही' हा शब्दही निघाला नव्हता. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, ती धाकट्या भावाच्या, सुदामच्या घरात बारा वर्षं भाकऱ्या थापत राहिली. आक्का, एवढं दळण आण गं. हो. आक्का, पाहुण्यांच्या सोळा भाकऱ्या वाढव. हो. पाहुणे ऐनवेळी आले नाहीत आणि सोळा भाकऱ्या उरल्या, तरी कुणावर चिडायची तिला सवय नव्हती. नाही म्हणायला गेली की जीभ टाळूला चिकटायची आणि दोनच क्षणांत 'हो' बाहेर पडायचं. सगळं घर म्हणायचं, आमची आक्का म्हणजे देवमाणूस. देवमाणूस म्हटलं की लोकांना पुढचं काम सांगायला बरं पडतं.

या वेळचं काम मात्र वेगळं होतं. एसटी स्टँडसमोर त्यांच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तीन वर्षं बंद पडलेलं. सुदामला तिथं मोबाईलच्या दुकानाला गाळा भाड्यानं द्यायचा होता, आणि त्यासाठी आक्काची हक्कसोडपत्रावर सही हवी होती. बहिणींनी सह्या करायच्या आणि भावांनी साडी घेऊन द्यायची, ही तर रीतच. सुदामनं साडी आणूनही ठेवली होती, मोरपंखी.

आक्काला साडी नको होती, तिला दुकान हवं होतं. नऊ वर्षांची असताना ती त्या दुकानात घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडा कुठून येतो ते बघायची. वडील म्हणायचे, द्वारकेला पंक्चर सापडतं, माझ्या आधी सापडतं. आयुष्यात तिचं एवढं एकच कौतुक झालं होतं आणि ते त्या दुकानात झालं होतं.

म्हणून बाजाराच्या दिवशी ती गोंदणवाल्या शबानाच्या पथारीवर जाऊन बसली आणि उजवा हात पुढे केला. सही करायचा हात तोच.

"काय काढू, आक्का? तुळस? विंचू?" शबानानं विचारलं.

"नाही असं लिही."

"काय लिहू नको?"

"'नाही' लिही. एवढंच."

शबानानं मशीन हातात घेतलं, थांबली. "कुणाला नाही?"

"ते मी बघते."

तासाभरात मनगटावर दोन ठसठशीत काळी अक्षरं उमटली. शबानानं वर प्लास्टिक गुंडाळलं आणि बोटांवर मोजत सांगितलं, "दिवसातनं तीनदा धुवायचं, कोमट पाण्यानं, बाळाच्या साबणानं. घासायचं नाही. पाण्यात बुडवायचं नाही. टॉवेलनं पुसायचं नाही, टिपायचं. उन्हात न्यायचं नाही. खाज सुटेल, खाजवायचं नाही. खपली धरेल, उपटायची नाही."

आक्का घरी आली. सुदामची बायको अलका परातीत पीठ घेऊन वाटच बघत होती.

"वन्सं, कुठं होता? तवा तापलाय."

"हात पाण्यात बुडवायचा नाही, असं सांगितलंय," आक्का म्हणाली. हे बोलताना जीभ टाळूला चिकटली नाही. निरोप शबानाचा होता, तिनं नुसता पोचवला.

नगरपरिषदेच्या फळ्यावर दुसऱ्या दिवशी हरकतींसाठी मनगटाचा फोटो लागला. तिसऱ्या दिवशी सुदाम गोंदण विभागात जाऊन हरकतीचा अर्ज भरत बसला. गोंदण अधिकारी वाघमोडे अर्ज भरून घेताना प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचे. हरकतदाराचं नाव. नातं. सध्याचा मजकूर: नाही. हवा असलेला मजकूर: हो.

"पाचवा रकाना राहिला," वाघमोडे म्हणाले. "मजकूर कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?"

"ते काय लिहायचं, साहेब? सगळ्या गावाला माहीत आहे."

"रिकामा सोडताय?"

"सोडा हो. माझ्या दुकानात गिऱ्हाइकं थांबलीत."

वाघमोड्यांनी रकान्यात बारीक फुली मारली आणि नियम नऊ वाचून दाखवला. लोक उठसूट हरकती घेतात म्हणून हा नियम सर्वानुमते मंजूर झाला होता. हरकत घेणाऱ्यानं सुनावणीपर्यंत ते गोंदण स्वतःच्या हातानं तीन वेळ धुवायचं, टिपायचं, मलम लावायचं. एक पाळी चुकली की हरकत बाद. गोंदणधारकानं हात पुढे करायचा, बाकी काही करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सुदाम कोमट पाण्याचा तांब्या घेऊन बहिणीसमोर बसला. आधी स्वतःचे हात धुतले, कारण नगरपरिषदेनं दिलेल्या वहीत तसं लिहिलं होतं. आक्का खुर्चीवर, तो पाटावर. गड्यानं जन्मात कपबशी विसळली नव्हती. पहिल्या पाळीलाच त्यानं मनगट असं रगडलं, जणू अक्षरं रगडूनच निघाली तर बरं.

"घासायचं नाही," आक्का म्हणाली.

"माहीत आहे गं."

"पुसायचं नाही. टिप."

त्यानं टिपलं. दुपारी एक वाजता आपल्या दुकानाला कुलूप लावून आला, धुतलं, टिपलं. संध्याकाळी सात वाजता पुन्हा. दर पाळीला नगरपरिषदेच्या वहीत सही. पाचव्या दिवशी गोंदणाला खाज सुटली आणि आक्का तळमळायला लागली, तर सुदामच ओरडला, "खाजवू नकोस! बिघडलं तर माझी हरकत बाद होईल!" असं रोज तीनदा चाललं होतं. नाही, नको, नाही. आक्का ते कान देऊन ऐकायची आणि मनातल्या मनात म्हणून बघायची.

अलका भाकऱ्या थापता थापता हे सगळं दारातून बघायची. सहाव्या दिवशी तिच्यानं राहवलं नाही.

"सव्वीस वर्षं झाली लग्नाला. माझा हात भाजला होता तेव्हा तुम्ही साधं पाणी घातलं नव्हतं त्यावर."

"तू कुठं काय गोंदवलंस?" सुदाम म्हणाला, आणि मलमाचं झाकण लावलं.

दहाव्या दिवशी सुनावणी झाली. नगरपरिषदेच्या मागच्या खोलीत एक टेबल, एक बेसिन आणि भिंतीवर जुन्या गोंदणांचे फोटो. अलका कोमट पाण्याचा थर्मास घेऊन आली होती. सुदामनं चौदा जणांची लेखी साक्ष आणली होती. आक्का जन्मात कुणाला नाही म्हणाली नाही, असं चौदाही जणांनी शपथेवर लिहून दिलं होतं. त्यात वाणी होता, पिठाच्या गिरणीवाला होता आणि ऐनवेळी न आलेले ते पाहुणेही होते.

"गोंदण गोंदणधारकाच्या स्वभावाशी जुळलं पाहिजे, असा नियम आहे," वाघमोडे म्हणाले. "आक्का, तुम्ही कुणाला नाही म्हटल्याचा काही पुरावा?"

"या दहा दिवसांत म्हणते आहे. घासायचं नाही, खाजवायचं नाही."

वाघमोड्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. ते न्यायी गृहस्थ होते. "त्या सूचना झाल्या. त्या शबानाच्या. तुमचं स्वतःचं असं एखादं?"

आक्कानं तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली.

"हरकत मान्य," वाघमोडे म्हणाले. "अंमल पुढच्या धुण्यात. वेळ झालीच आहे, इथंच उरका."

सुदामनं बाह्या वर केल्या, हात धुतले, बहिणीचं मनगट बेसिनवर धरलं. इतक्या हळुवारपणे त्यानं ते आजवर एकदाही धुतलं नव्हतं. साबणाचा फेस आला. फेसाखाली 'ना' आधी फिकट झालं, मग शाईसकट पाण्यात उतरलं आणि जाळीतून वाहून गेलं. मागे उरलेल्या 'ही'ची वेलांटी सरळ झाली, तिच्यावर एक मात्रा चढली. मनगटावर 'हो' झालं. कोवळं, थोडं सुजलेलं, पण वळणदार.

आक्काला रडू येईल असं अलकाला वाटलं होतं. पण आक्काला संताप आला. पायाच्या नखापासून वर चढत गेला. चोपन्न वर्षं जे दुसऱ्यांनी तिच्या तोंडून काढलं, ते आता कातडीवरही लिहून ठेवलं होतं, आणि वर पोचपावती म्हणून तिचीच सही हवी होती.

सुदामनं हात खिशात घातला. हक्कसोडपत्र घडी करून सोबतच आणलं होतं. ते टेबलावर पसरलं, पेनाचं टोपण काढलं.

"चल आक्का. कर सही."

"नाही," आक्का म्हणाली.

सुदामचं पेन तसंच हवेत राहिलं. आक्कानंच आधी चपापून तोंडावर हात ठेवला, मग काढला. शब्द निघाला होता. छत कोसळलं नव्हतं.

"नाही करणार सही," तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं.

"साहेब, हे काय?" सुदाम वाघमोड्यांकडे वळला. "हातावर हो लिहिलंय! सरकारी हुकूम आहे!"

वाघमोड्यांनी नोंद केली. "लेखी हो, तोंडी नाही." त्यांनी चष्मा चढवला. "लेखीच ग्राह्य धरतात. हो म्हणजे हो."

"बघ!" सुदाम म्हणाला.

"पण हो कशाला, ते बघावं लागेल." वाघमोड्यांनी अर्ज काढला, रकान्यांवरून बोट खाली नेलं आणि फुलीपाशी थांबले. "पाचवा रकाना रिकामा आहे."

"अहो, सही करशील का, हाच प्रश्न! गावात कुणालाही विचारा!"

"गावाला विचारायची तरतूद नाही. रकाना रिकामा असेल, तर निकालानंतर प्रश्न गोंदणधारकानं भरायचा. नियम बारा." त्यांनी अर्ज आक्कापुढे सरकवला. "लिहा."

आक्कानं सुदामच्याच हातातलं पेन घेतलं. मनगट ओलं होतं, म्हणून कागदाला लागू न देता, हात जरा उचलून धरून तिनं लिहिलं. वेळ लागला. वाघमोड्यांनी नेहमीप्रमाणे बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "वडिलांच्या सायकलच्या दुकानातला माझा हिस्सा मला हवा आहे का?"

मग त्यांनी मनगटाकडे पाहिलं. सुदामनंही पाहिलं.

"उत्तर जागेवर आहे," वाघमोडे म्हणाले आणि शिक्का मारला.

"मी पुन्हा हरकत घेतो!"

"एका गोंदणाला एका माणसाची एकच हरकत."

सुदाम गर्रकन बायकोकडे वळला. "अलका, तू घे. चार दिवस आहेत अजून. अर्ज मी लिहितो, तू नुसता अंगठा उमटव."

अलकानं थर्मासचं झाकण घट्ट केलं. तिनं आपल्या भावांना सही देऊन आता वीस वर्षं झाली होती. बदल्यात मिळालेली साडी पहिल्याच धुण्यात विटली होती.

"मला सही करता येते," ती म्हणाली. "आणि मी घेणार नाही हरकत."

"अगं, वेड लागलं का तुला?"

"भाकऱ्या मी थापल्या दहा दिवस. आता रोज तीनदा हे धुणंही मीच करू? नाही हो."

वाघमोडे पेन उघडून तयार होते, पण आणखी कुणाची हरकत आली नाही. त्यांनी अर्जावर 'निकाली' असं लिहिलं. मग मनगटाकडे बोट दाखवून ते सुदामला म्हणाले, "ही पाळी अजून पुरी झालेली नाही. टिपायचं राहिलंय."

सुदामनं इकडे तिकडे पाहिलं. नियम म्हणजे नियम. त्यानं खांद्यावरचा सुती टॉवेल काढला, बहिणीचं मनगट हातात घेतलं आणि टिपायला लागला. रागारागात त्याचा हात एकदा जोरात गेला.

"पुसायचं नाही," आक्का म्हणाली.

त्यानं टिपलं. मलमाचा पातळ थर दिला. वहीत शेवटची सही केली आणि टॉवेल खांद्यावर टाकला. आक्काचा हात तसाच पुढे होता. आता तिनं तो उलटा करून तळवा वर केला होता.

"अजून काय?" सुदाम म्हणाला.

तिनं हात मागे घेतला नाही. सुदामनं वाघमोड्यांकडे पाहिलं, ते शिक्का पुसत होते. अलकाकडे पाहिलं, ती आक्काच्या मनगटाकडे बघत होती. शेवटी त्यानं करदोऱ्याला बांधलेली वडिलांच्या दुकानाची किल्ली सोडवली आणि त्या तळव्यावर ठेवली.

आक्कानं मूठ मिटली.

"आणि हवेचा पंप कुठं ठेवलायस?" तिनं विचारलं.