अलकाचं केळवण

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी पंधरा दिवस, जे उतरवायचं ते वजन वेगळं काढून घरी देतात, म्हणजे घरच्यांना त्याचा निरोप नीट घेता येतो.

माझं एकशे अठरा होतं. पंच्याहत्तर मला ठेवायचं होतं आणि त्रेचाळीस उतरवायचं. लोखंडे सिस्टरांनी चिठ्ठीवर 'उतरवायचं वजन, नग एक' असं लिहून सही घेतली आणि तिला माझ्या शेजारी उभं केलं. दिसायला माझ्यासारखीच, फक्त जरा बुटकी आणि गुबगुबीत. नाव विचारल्यावर तिने 'अलका पाटणकर' असं सांगितलं. कागदोपत्री ते बरोबरच होतं.

"पंधरा दिवस तुम्ही फक्त पातळ घ्यायचं," सिस्टर मला म्हणाल्या. "ताक, मुगाचं पाणी, ती पावडर. घास घेतलात की ऑपरेशन रद्द."

"आणि हिने?"

"त्या पेशंट नाहीत. त्यांना पथ्य नाही."

मी तीन वर्षं या तारखेची वाट पाहत होते. गुडघे गेले होते, साखर वर होती. पंधरा दिवस काय, दीड महिनासुद्धा ताकावर काढला असता.

घरी पोचलो आणि पहिला घोटाळा झाला. माझे यजमान, हेमंत, दिवाणखान्याचे पडदे बदलायचे म्हणून कापडाचे तुकडे घेऊन बसले होते. मी म्हटलं, "हिरवे नकोत." यजमान तुकडे चाळतच राहिले. मग ती म्हणाली, "हिरवे नकोत," आणि यांनी ताबडतोब दुकानदाराला फोन लावला.

आमच्या घरात सोयरीक असो की सोफा, अलकाला विचारल्याशिवाय काही होत नाही. माझ्या शब्दाला वजन आहे असं सगळे म्हणायचे. ते नेमकं कुठे होतं हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी हे तिला स्कूटरवरून भाजी आणायला घेऊन गेले. टायर बसतो म्हणून मी अकरा वर्षं त्या स्कूटरवर बसले नव्हते. ती मागे एका बाजूला बसली, यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कोपऱ्यावर वळताना हसली. मी गॅलरीत मुगाचं पाणी पीत उभी होते. मला तिचा हेवा वाटला. खरं तर हेवा हा फारच सभ्य शब्द झाला, माझा नुसता जळफळाट झाला.

आणि मग केळवणं सुरू झाली.

कल्पना माझ्या धाकट्या जावेची, ज्योत्स्नाची. लग्नाआधी, मुंजीआधी करतात, मग ऑपरेशनआधी का नको? "ताई, नंतर जन्मभर वाटीवाटीनेच खायचंय ना तुम्हाला? मग आधी एकदा पोटभर व्हायला हवं," ती म्हणाली.

"अगं, मला पातळच सांगितलंय."

"तुम्हाला सांगितलंय," ज्योत्स्ना म्हणाली आणि तिच्याकडे वळली. "तुम्ही याल ना, ताई?"

तिच्यासाठी पाट मांडला, ताटाभोवती रांगोळी काढली, उदबत्ती लावली. सांज्याच्या पोळ्या, अळूची भाजी, मसालेभात. वर ओटी भरून खण दिला. मी भिंतीशी खुर्चीवर ताकाचा पेला धरून बसले होते. सांज्याची पोळी हा माझा जीव की प्राण. ज्योत्स्नाने बावीस वर्षांत मला त्या एकदाही करून घातल्या नव्हत्या. मी एकदा तिच्या पोळ्यांना 'जाड' म्हटलं होतं, ते तिने धरून ठेवलं होतं.

"कशा झाल्यात?" ज्योत्स्नाने तिला विचारलं.

"पातळ," ती म्हणाली. ज्योत्स्नाचे डोळे भरून आले.

एका घरी केळवण झालं म्हटल्यावर बाकीचे मागे कसे राहतील? नणंद झाली, विहीणबाई झाल्या, महिला मंडळाने तर चिठ्ठ्या टाकून वार ठरवले. दर तीन दिवसांनी दोघींची वजनं दवाखान्याला कळवायची होती. ती सेहेचाळीस झाली, मी बहात्तर. ती एकावन्न, मी सदुसष्ट. बेरीज एकशे अठराच. सुरुवातीला मला आनंदच झाला. बांगड्या सैल झाल्या, जिना चढता येऊ लागला. बाराव्या दिवशी ती छप्पन्न झाली आणि मी बासष्ट, तेव्हा मी सिस्टरांना फोन केला.

"त्यात काय? जिचं वजन जास्त ती पेशंट, कमी ती उतरवायची," त्या म्हणाल्या.

"अहो, पण अलका मी आहे!"

"दोघींच्या आधार कार्डावर तेच नाव आहे, मॅडम. घरात वजन कुणाचं हे आम्ही कसं सांगणार? आम्ही काट्यावर बघतो."

दोनच केळवणं उरली होती. मी यांना स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, उद्याचं आणि परवाचं रद्द करा. मी घालवली जाईन."

यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुठून आवाज आला ते कळत नसल्यासारखं. मग म्हणाले, "थांब, तिला विचारतो."

ती बाहेरूनच म्हणाली, "बोलावलंय तर जायला हवं. लोक काय म्हणतील?"

मीही अगदी हेच म्हटलं असतं.

त्या संध्याकाळी फडताळातला लाडू मी हातात घेतला होता. घेतला आणि ठेवला. खाल्ला असता तर तारीख गेली असती, आणि तारीख माझी होती.

शस्त्रक्रियेच्या सकाळी काट्यावर मी सत्तावन्न भरले, ती एकसष्ट. फॉर्म यांच्यापुढे ठेवला. हे पेन उघडून तिच्याकडे वळले. "करू का सही?"

"करा," ती म्हणाली.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. अलका पाटणकर एकशे अठरावरून एकदम एकसष्टवर आल्या, इतका चांगला निकाल डॉक्टरांनी पाहिला नव्हता. मंडळाने सत्कार ठेवला.

मी तिसऱ्या मजल्यावर, उतरवलेल्यांच्या वॉर्डात आहे. खाटा स्वच्छ आहेत. शेजारच्या काकू एका वकिलाच्या सदतीस किलो आहेत, स्वभावाने बऱ्या.

गुरुवारी भेटायची वेळ असते. गेल्या गुरुवारी हे एकटेच आले, डबा घेऊन. खिशातून पुडी काढून त्यांनी स्टुलावरच्या ताटलीभोवती रांगोळीची रेघ ओढली. वाकडीच आली.

"तुझं केळवण राहूनच गेलं होतं," हे म्हणाले. डब्यात सांज्याच्या पोळ्या होत्या.

"ती कुठाय?"

"खाली. वर यायला तयार नाही."

मी खिडकीतून पाहिलं. ती स्कूटरवर मागच्या बाजूला बसून वर बघत होती, ओठ घट्ट मिटून. हातात ताकाची बाटली होती.

"तिला काय चालतं आता?"

"वाटीभर. पातळ."

मी परत येऊन बसले. पहिली पोळी संपवली, दुसरी घेतली.

"तूप वाढा," मी म्हटलं.

यांनी कुणालाही न विचारता वाढलं.