समोर बसून प्यायचं सूप

बिलोलीकरकाका आमच्या दाराची बेल कधीच वाजवत नसत. दोन्ही हात सांडशीत गुंतलेले, सांडशीत पातेलं आणि पातेल्यात उकळतं सूप, त्यामुळे ते कोपराने दार ठोकत आणि "कोण आहे?" म्हटलं की आपलं नाव न सांगता सुपाचं सांगत. "दुधी." कधी "टमाटे." कधी नुसतंच गंभीर आवाजात "दोडका."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भाजीवाला वाटला. मी आतूनच "आज नको" म्हणून ओरडलो. बायकोने दार उघडलं तर वरच्या मजल्यावरचे काका उभे. "नक्को कसं? गरम हाये," म्हणत ते आत आले आणि माझा न वाचलेला पेपर टीपॉयवर अंथरून त्यावर त्यांनी पातेलं टेकवलं. "वाट्या आणा. मोठ्या."

आम्ही तेव्हा पुण्याहून हैदराबादला नुकतेच आलो होतो. माझ्या कंपनीने कुकटपल्लीत नवा कारखाना काढला होता. सगळ्या देशालाच तेव्हा नव्याची हौस आली होती. आमच्या बिल्डिंगमध्ये आज कुणाकडे वॉशिंग मशीन, उद्या कुणाकडे केबल, असं चाललेलं. प्रत्येक दाराला बघायचं भोक आणि साखळी. काकांचा जन्म गेला जुन्या हैदराबादेतल्या गौलीगुड्यात, नोकरी तिथल्याच बसस्टँडवर गाड्या सोडण्याची. काकू गेल्यावर मुलाने, गिरीशने, त्यांना या फ्लॅटमध्ये आणलं. गिरीश आणि त्याची बायको सकाळी ऑफिसला जात ते दिवेलागणीनंतर उगवत. मधला सगळा दिवस काका, गॅस आणि भाजी.

त्याच सुमाराला पाकिटातलं सूप बाजारात आलं होतं. काकांना ते डोळ्यांसमोर चालत नसे. "पुडी फोडा, पाण्यात टाका, हलवा. आमच्याकडं भिंतीचा चुना असा करतेत," ते म्हणत. त्यांची रीत साधी होती. भाजी चिरायची, थोडा कांदा आणि मूठभर मुगाची डाळ घालून शिजवायची, रवीने घुसळायची, मिरपूड, मीठ, खतम. कॉर्नफ्लोरला ते खळ म्हणत. मिक्सरला तर सक्त मनाई. आणि एका पातेल्यात एकच भाजी. "दोघी आल्या की कोण बोलायली ते कळत नाही," असं त्यांचं म्हणणं. मी एकदा गाजर आणि कोबी एकत्र करून बघा म्हणून सुचवलं, तर मी कुणाच्या घरात भांडणं लावायला निघाल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तळमजल्यावरच्या राजेश्वरम्मांना मात्र हे सूप म्हणजे अर्धवट सोडलेलं चारु, म्हणजे आपलं सार, वाटायचं. काका खिडकीकडे वळले की त्या चिंचेचा कोळ आणि वर चरचरीत फोडणी ओतून मोकळ्या. पहिल्यांदा मोहरी तडतडलेली ऐकून काका गर्रकन वळले. "अम्मा, ये क्या करे जी आप?" अम्मा शांतपणे भात कालवत म्हणाल्या, "अब अच्छा हुआ." त्या धक्क्यातून सावरायला काकांना पुढचा आठवडा लागला.

सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पांढऱ्याशुभ्र सफारीवर बीट सांडलं, ती सफारी पुढे होळीसाठी राखून ठेवावी लागली. केबल दुरुस्त करायला आलेला माणूस गच्चीवरून वायर सोडत होता, त्याला खाली बोलावून कारल्याचं पाजलं. त्यानंतर काकांच्या मजल्यावरची केबल बिघडली की तो वेगळा माणूस पाठवायचा.

सगळ्यात कडक नियम म्हणजे सूप समोर बसून प्यायचं. "ठेवून जा, नंतर घेतो" चालायचं नाही. सूप इतकं कढत असे की वाटीला हात लावायची सोय नसायची. मी एकदा सुटका करून घ्यायला भराभर प्यायलो आणि टाळू भाजून घेतली. "हल्लू, हल्लू. बस चुकायली का तुमची?" काका नाराज झाले. आपण फुंकर घालत बसायचं आणि त्यांनी विचारत राहायचं. सासरे काय करतात, पुण्याला पाणी किती वेळ येतं, आमच्या धाकट्या मुलीला बसमध्ये उलटी होते का. उत्तर ऐकून ते "हौ" म्हणत आणि पुढचा प्रश्न काढत.

बिल्डिंगने बचावाचे मार्ग शोधले. कोपराचा आवाज आला की टीव्हीचा आवाज बंद, मुलं चवड्यांवर. माझ्या बायकोने, सुनीताने, उपास सांगून पाहिला. काका तसेच मागे फिरले आणि तासाभराने परत दारात. "लाल भोपळा. कांदा नाही, डाळ नाही. उपासाला चालतो." सुनीताने खरोखरच्या उपाशी पोटी तो प्याला आणि मला म्हणाली, "मेला चांगला लागतो रे."

पुढे उन्हाळ्यात काकांना जिन्यात उकळतं पातेलं घेऊन उतरताना गिरीशने पाहिलं आणि तो हादरला. गुणी मुलगा. कंपनीच्या कामाला सिंगापूरला गेला तेव्हा भलामोठा फ्लास्क घेऊन आला आणि घरोघर सांगत फिरला, "बाबांमुळे तुम्हाला फार त्रास होतो. आता ते फ्लास्क दाराशी ठेवून जातील. तुम्ही सवडीने प्या." बिल्डिंगला आनंदाचं भरतं आलं. सेक्रेटरींनी तर पेढे वाटायचेच बाकी ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून कधी या, कधी त्या दाराबाहेर पायपुसण्यावर फ्लास्क दिसू लागला. सूप तेच, रात्री जेवतानासुद्धा कढत. काका मात्र यायचे नाहीत. जिन्यात भेटले तर "काय, ठीक?" एवढंच. मग फ्लास्कही येईनासा झाला. संध्याकाळी टीव्ही खुशाल मोठ्याने लावता यायचा, आणि मला उगीचच दाराकडे बघायची सवय लागली.

एका संध्याकाळी कोपर वाजलं. दार उघडलं तर काका. सांडशीत पातेलं, बगलेत फ्लास्क.

"फुटला," ते म्हणाले आणि त्यांनी तो बगलेतच हलवून दाखवला. आत काचा खळखळल्या.

"अरेरे, कसा हो?" सुनीताने विचारलं.

काका टीपॉयकडे बघत राहिले. "मीच पाडलो."

त्यांनी पातेलं खाली ठेवलं, सांडशी सोडली आणि तळहात धोतराला पुसले.

"गौलीगुड्यात कुणाच्याबी घरी जाऊन बसायचो. काम काय, कुणी विचारायचं नाही. हितं भाजी दिली की लोक डबा घेतेत, थँक्यू म्हणतेत अन् दार लावून घेतेत. सूप गरम असलं की प्यायला टाइम लागतो. तेवढं बसू देतेत." मग घाईने म्हणाले, "गिरीशला सांगू नका. लई हौसेनं आणला त्यानं."

मी वाट्या आणायला उठलो. सुनीताने मला हातानेच बसवलं. पातेल्यातून वाफ चांगली वर येत होती. तिने त्यावर झाकण ठेवलं आणि सांडशीने पातेलं उचललं.

"पार गार झालंय हो, काका," ती म्हणाली. "उकळून आणते. वेळ लागेल जरा. बसा तुम्ही."

काकांनी वाफेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग चपला काढून दाराशी नीट लावल्या आणि सोफ्यावर पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली.