मऊ चाकांचा अर्ज

"गाडीत बसून मांडीवरचं सूप सांडलं नाही, तरच तिला गाडी म्हणायची गं पोरी. नाहीतर ती चाळणच!" कंबरेचं ऑपरेशन करून इस्पितळातून घरी येताना सासूबाई, म्हणजे स्तोयनाआई, कळवळून म्हणाल्या होत्या. "चाकं मऊ घाला आणि देवमातेच्या सणाला मला मठात ने. नवस बोललेय मी." मी नेईन म्हटलं.

गाडी जर्मनीत वापरून आमच्याकडे बल्गेरियात आलेली. माझ्या नवऱ्याने, रांगेलने, तिला थोरली चकचकीत चाकं बसवली होती. आमच्या गावात घराचं छप्पर गळलं तरी चालतं, गाडीची चाकं मात्र गल्लीने वळून पाहावी अशी लागतात. चाकच एवढं मोठं, की टायरला जागा उरलेली नाही. काजळाची रेघ ओढावी तसं भोवती रबर.

लहान चाकं आणि जाड टायर घालायचे तर वाहन कार्यालयाची परवानगी लागते. तिथले हाजिएवसाहेब सूर्यफुलाच्या बिया सोलत होते.

"कारण?"

"आराम."

"बाई, नियमात सुरक्षितता आहे, शर्यत आहे, शोभा आहे. आराम नाही. आराम ही भावना आहे."

"हादरे बसतात हो!"

"मग हादरे सिद्ध करा."

सरकारी पाहणी होणार हे कळताच नगरपालिकेने कार्यालयापुढच्या रस्त्यावर डांबर ओतलं. हाजिएवसाहेब गाडीत बसून त्यावरून एकदा गेले, एकदा आले. निष्कर्ष: हादरा आढळला नाही.

मी हातापाया पडून त्यांना आमच्या गल्लीत आणलं. पहिल्याच खड्ड्यात बिया गाडीभर उधळल्या आणि साहेबांची जीभ चावली गेली.

"हा दोष रश्त्याचा," ते म्हणाले.

रस्ते विभागाने लेखी कळवलं, की रस्ता निर्दोष आहे. बारीक टायरवाल्यांनी जाड टायर घालावेत. मी आनंदाने कार्यालयात धावले. हाजिएवसाहेबांनी पत्र आदराने वाचलं.

"मोलाचा सल्ला आहे. पण सल्ला त्यांचा, परवानगी आमची."

शेवटी दोन्ही खात्यांची संयुक्त समिती बसली. गाडी निर्दोष, रस्ता निर्दोष, उरला प्रवासी. गाडी प्रमाणित कंबरेसाठी बनवलेली असताना सदर प्रवाशाने कंबरेत परस्पर फेरफार करून घेतल्याचं समितीच्या लक्षात आलं.

"पूर्वपरवानगी घेतली होती?" अध्यक्षांनी विचारलं.

"चुकलंच माझं," माझ्याशेजारी बसलेल्या स्तोयनाआई म्हणाल्या. "पडण्याआधी तुमच्याकडे अर्ज टाकायला हवा होता."

हाजिएवसाहेबांना दया आली. माझ्या कानाशी येऊन ते कुजबुजले, "शोभा लिहा. लगेच काम होतं."

सणाआधीचा उपास चालू होता. त्यात मी तेल-लोण्याला शिवत नव्हते, मग खोटं कसं लिहू? रांगेलचा असला काही उपास नव्हता. त्याने लिहून टाकलं. सोबत लहान चाकांचा फोटो जोडला, तो शोभा अपुरी म्हणून परत आला. त्याऐवजी अधिक मोठ्या चाकांना परवानगी तत्काळ मिळाली. रांगेलनेही नियमाचा मान राखून ती आनंदाने बसवली. रबर आता औपचारिकतेपुरतं उरलं.

सणाच्या आदल्या दिवशी पाद्रीबाबांनी देवळापुढे सब्ज्याच्या डहाळ्यांची जुडी पवित्र पाण्यात बुडवून गाडीवर पाणी शिंपडलं. सगळा गाव फोन काढून गोळा झाला.

"काय चाकं आहेत, रांगेल!"

"किती इंची रे?"

आई आत बसल्या होत्या. घरापासून देवळापर्यंत येतानाच त्यांचे ओठ पांढरे पडले होते. एकानेही काच खाली करायला सांगून त्यांना काही विचारलं नाही. गावाला कशाला नावं ठेवू? गाडी कुठल्या कंपनीची, हे मघापासून तुम्हालाही विचारायचंय. मी मुद्दामच सांगितलेलं नाही.

"राहू दे गं," आई रात्री म्हणाल्या. "देवमातेला कळतं सगळं."

पहाटे मी शेजारच्या मितोकाकांकडे गेले. त्यांच्या गाढवाच्या गाडीला कुठल्याशा मोडीत गेलेल्या मोटारीचे गुबगुबीत टायर आहेत. तिला कुठल्याच कार्यालयाने अजून पाहिलेलं नाही. गाडीतल्या गवतावर दोन रजया अंथरल्या, आईंना अलगद वर बसवलं, अंगावर शाल टाकली. मग गाढवाचा दोर हातात घेतला आणि रांगेलला न उठवता फाटकाबाहेर पडले.